टेबलाखालची बाराखडी

किल्ला कोर्टासमोर, पिंपळाच्या बुंध्याला टेकलेलं
माझं टेबल, माझं मशीन, माझी छत्री.
बावीस वर्षं.
घरी सगळे कौतुकाने सांगतात,
मंदा स्वतःच्या पायावर उभी राहिली.
खरं सांगू?
मी बसले.
सकाळी दहाला बसले ती दिवेलागणीपर्यंत.

'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की'
हे बोटांना इतकं पाठ
की झोपेत चादरीवर उमटतं.
पायांना मात्र कुणी काही विचारलं नाही.
आधी मुंग्या यायच्या,
मग मुंग्यांनीही येणं सोडलं.
जोडवं रुतायला लागलं. चपलेच्या पट्ट्याचा वळ
सकाळपर्यंत तसाच.
नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा,
गोल, नोटरीच्या शिक्क्यासारखा,
आणि भरून यायला वेळ घ्यायचा.

जी.टी.च्या ओपीडीत केसपेपरवर नाव पडलं
मंदाकिनी पायधरे.
पागधरे हो, मी म्हटलं. पाग म्हणजे जाळं,
आजोबा अर्नाळ्याला फेकायचे.
निलोफर काझी नावाची पोरगी हसली,
स्टूल ओढून बसली
आणि तिनेच माझे पाय धरले.

म्हणाली, रक्त खाली उतरतं फुकटात,
चढताना त्याला कुणीतरी लागतं.
लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत
सिलिंडरवाला खांदा देतो ना,
तशी ही पोटरी.
तुम्ही तिला बिनपगारी रजेवर पाठवलंय.
अर्ध्या तासाने उठा.
गिऱ्हाईक असेल, नाही उठता आलं,
तर टेबलाखाली अंगठ्याने अक्षरं काढा.
आणि हे बघा, एकच पाय सुजला, गरम लागला, दुखला,
तर चोळत बसायचं नाही,
हातातलं टाकून इकडे यायचं.

पाणी प्या, असंही म्हणाली.
मी गप्प राहिले.
फूटपाथवरची बाई पाणी का पीत नाही
हे केसपेपरच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

तर आता असं आहे.
वर मशीनवर दुसऱ्यांची घटस्फोटं, भाडेकरार, हरवलेली रेशनकार्डं,
खाली माझी बाराखडी.
जुन्या कार्बनपेपरच्या खोक्यावर टाच टेकवते
आणि काढते क.
ग सोपा. झ ला घोटा कुरकुरतो.
क्ष काढताना एकदा असा गोळा आला
की वकिलासमोर आई गं ओरडले.
पण ळ!
ळ साठीच घोटा घडवला असावा,
एक वळसा असा, एक वळसा तसा,
आत काहीतरी कट्ट वाजतं
आणि ऊब वर सरकते.

पाणीही पिते. सुलभ लांब आहे,
दोनशे दहा पावलं जायला, तेवढीच यायला.
शेजारचा स्टॅम्पवाला विचारतो, कुठे निघालात?
पाय मोकळे करायला, म्हणते. खोटं नाही.

काल रामसमुझ यादव आला, बँकेचा वॉचमन.
पेन्शनच्या कागदावर त्याचा रामसमझ झालाय,
एका उकाराचं अ‍ॅफिडेव्हिट.
बोलता बोलता त्याने पँट वर केली:
पोटरीवर निळ्या दोऱ्यांचा गुंता.
एकतीस वर्षं, म्हणाला, दारात उभा.
मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्या खुर्चीकडे.
बसा, म्हटलं.
तो बसला, खोक्यावर पाय ठेवून, जरा अवघडून.
मी उभ्याने मजकूर उतरवून घेतला,
आणि मधेच टाचा उचलल्या, खाली, परत वर.

त्याने मान वळवून कोर्टाच्या गेटकडे पाहिलं.
किसको ढूँढ रही हो, बहनजी?
कुणाला नाही हो, एकाला वर पाठवतेय,
मी म्हटलं,
आणि बाजूचा हवालदार एकदम सावध झाला.